एफीच्या माघारी डागाळलेलं सिंक

मित्रांनो, जेवण झाल्यावर ज्याच्या अंगावर खरकटी ताटं टाकून तुम्ही खेळायला पळता, तो मी. स्टेनलेस स्टीलचं एक म्हातारं सिंक. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका कोळीवाड्यात, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीखाली मी बसलो आहे. माझ्यावर डाग पडत नाहीत, असं लोक म्हणतात. त्यांनी मिठाशी संसार केलेला नसतो.

कारखान्यात पोलादाच्या पत्र्यावर प्रचंड दाब देऊन मला खोलगट आकार दिला. मग घासून घासून अंगावर बारीक रेघा उमटवल्या, सगळ्या एकाच दिशेच्या. खोक्यात बसून मी या घरी आलो, तेव्हा इथे नवं लग्न झालेलं जोडपं होतं. हेडली मासेमारी करायचा, एफी घर सांभाळायची. मला पाहून ती नवऱ्याला म्हणाली, "अगंबाई, एवढं चकचकीत! यात भांडी धुवायची की तोंड बघायचं?"

तिने दोन्ही केलं. रोज जेवणं आटोपली की ती ओल्या फडक्यावर खायचा सोडा घ्यायची आणि माझ्या रेघांच्या दिशेने हलक्या हाताने घासायची, आडवं कधीच नाही. मग कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने टिपून घ्यायची. पाण्याचा थेंबही माझ्या अंगावर सुकू द्यायची नाही. शेजारणी चिडवायच्या, "एफी, सिंक आहे का लेकरू?" ती नुसती हसायची. मला फार बरं वाटायचं, हे कशाला लपवू?

हेडली मात्र एवढ्या वर्षांत माझ्यापाशी फक्त चहाचा कप ठेवायला आला, तोही न विसळता. माणूस वाईट नव्हता. स्वयंपाकघर बायकोचं आणि बोट आपली, अशी इथे घरोघरी वाटणीच होती.

मग एका हिवाळ्यात एफी आजारी पडली आणि गेली. दूर अल्बर्टा प्रांतात नोकरी करणारी त्यांची मुलगी क्रिस्टा दफनासाठी आली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे कसे राहणार? चला माझ्याकडे."

"समुद्र दिसल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, पोरी."

"बरं. उन्हाळा सरताना मी येते. घर नीट ठेवलंत तर राहा. नाहीतर मुकाट्याने विमानात बसायचं."

म्हाताऱ्याने कंबर कसली. तो झाडू लागला, कपडे धुऊ लागला, रांधू लागला. रविवारी खारवलेला कॉड मासा आणि भिजवलेली कडक बिस्किटं, हा इथला नेम. त्यासाठी मासा आदल्या दिवशी पाण्यात घालून त्याचं मीठ काढावं लागतं. एफी तो पातेल्यात भिजवायची. हेडलीला ते कुठे ठाऊक! त्याने माझ्या तोंडाला बूच लावलं आणि मासा थेट माझ्यातच टाकला. ते खारं पाणी कधी कधी सोमवारपर्यंत तसंच राहायचं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आठवड्यामागून आठवडे मीठ माझ्या अंगात सुईसारखं शिरत राहिलं.

तपकिरी ठिपके दिसू लागले तेव्हा हेडली घाबरला. त्याचा बोटीवरचा जुना जोडीदार लिअँडर माझ्यात डोकावून म्हणाला, "अरे, बोटीचा तळ जन्मभर खरवडलास ना? मग एवढ्याशा पत्र्याला काय घाबरतोस? घे तारेची घासणी आणि लाव जोर!"

हेडलीने जोर लावला. आडवा, तिडवा, गोल. लोखंडाचे कण माझ्या ओरखड्यांत रुतले आणि गंजले. मग त्याने कपड्यांचं ब्लीच ओतून ठेवलं. त्या ब्लीचने माझं उरलंसुरलं तेजही खाल्लं. तो माझ्यावर वाकून पुटपुटायचा, "एफे, तू काय करायचीस गं याला?" त्याच्या डोळ्यांतून टिपं गळत. तेही खारंच पाणी, पण त्याचा मला राग आला नाही.

क्रिस्टा आली तेव्हा घर झाडलेलं होतं आणि टेबलावर मासा वाफाळत होता. ती हात धुवायला माझ्याकडे आली आणि थबकली.

"बाबा, हे काय केलंत?"

"घासलं की. रोज घासलं," हेडली म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

तिने बाह्या वर सारल्या, फडक्यावर सोडा घेतला आणि आईसारखी रेघांच्या दिशेने मला घासू लागली. गंज बराचसा निघाला. मिठाने पाडलेले खड्डे मात्र तसेच राहिले. हेडली तिच्या मागे उभा राहून बघत होता.

"एवढंच? नुसता सोडा?"

"एवढंच, बाबा. आणि मासा पातेल्यात."

तो खुर्चीत बसला. "मला वाटायचं, ते आपोआपच चकाकतं," तो म्हणाला. "तुझी आई रोज इथे उभी असायची आणि मी तिच्याकडे पाठ करून जाळी विणत बसायचो."

क्रिस्टाने फडकं माझ्या काठावर ठेवलं. "राहा तुम्ही इथेच. सिंकवरून कुणी घर पारखतं का?"

"नको, पोरी. इथे जिकडे हात लावावा तिकडे तिचंच काहीतरी बिघडतं माझ्या हातून. चल, येतो मी तुझ्याकडे."

त्या आठवड्यात ते गेले. नळ बंद आहे, खिडकीला फळ्या ठोकल्या आहेत आणि मी अंधारात कोरडा पडून आहे.

मित्रांनो, मला सोड्याने हलकेच पुसा, कोरडं ठेवा, माझ्यात मीठ साचू देऊ नका. पण याहून मोठं एक मागणं आहे. आज तुमच्या घरी माझ्यासारख्या सिंकपुढे जे माणूस उभं असेल, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. फडकं हातात घ्या आणि विचारा, हे कसं करायचं. ते माणूस आहे, तोवरच उत्तर मिळतं.