बहात्तर सेकंदांची वेल

बाराव्या दिवशी सकाळी तिने कॅमेऱ्याची बॅटरी बदलली आणि चपला शोधायला लागली. खिडकीतल्या घेवड्याच्या वेलीकडे तिने बघितलंही नाही. वडील शेजारच्या खुर्चीत सुईत दोरा ओवत होते. शिवणाचं दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण हात काही गप्प बसत नव्हते.

"तुझी वेल आजही ढिम्म," ते म्हणाले. "माझ्यासारखीच."

"नुसत्या डोळ्यांना नाही दिसत, बाबा. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर पाच मिनिटांनी एक फोटो. सगळे जोडले की हलेल. आणि तुम्ही खुर्ची सरकवा ना, रोज फोटोत येता."

"उजेड इथे आहे. अंधारात बटणं लावू का?"

"बसा मग. नंतर कापून टाकीन तुम्हाला."

ते हसले. "काप की. पण घाईबाई, आधी कापड पूर्ण अंथरून बघ. मग कात्री लाव."

ती तोवर जिन्यात पोचली होती. संध्याकाळी नेहमीसारखी आली, थेट कॅमेऱ्याकडे गेली. सात वाजता तिने तो उतरवला आणि कार्ड खणात टाकलं. पहाटे वडील झोपेतच गेले.

दीड महिन्याने वनस्पतिशास्त्राच्या बाईंचा फोन आला. ही चित्रफीत त्यांनीच सांगितली होती. "तुमच्या सवडीने करा," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "सोमवारी वर्गात दाखवायची आहे."

कार्डात एक हजार सातशे अठ्ठावीस फोटो होते आणि ते जोडायच्या दोन वाटा होत्या. एक झटपट: आधी सगळे फोटो वेलीपुरते कापायचे, मग उजेडाची लुकलुक काढून जोडायचे. जुना कॉम्प्युटर न कुरकुरता दुपारभरात काम उरकणार. दुसरी लांबची: फोटो आले तसे पूर्ण ठेवायचे, उजेड सारखा करायचा, जोडून पाहायचे आणि शेवटी कापायचे. त्याला दोन दिवस. वेलीला काहीच फरक पडणार नव्हता. पण पहिल्या वाटेने बाबा एकदाही दिसणार नव्हते, आणि तिला तेच हवं होतं; त्यांना बघणं अजून झेपत नव्हतं.

पहिल्या फोटोवर तिने चौकट आखली. चौकटीची डावी कड वडिलांच्या कोपराला लागून गेली. आता एक बटण दाबलं की सगळ्या फोटोंतून ते वजा.

आधी कापड पूर्ण अंथरून बघ.

तिने चौकट पुसली.

रविवारी दुपारी चित्रफीत तयार झाली. बहात्तर सेकंद, एका दिवसाला सहा. वेल मातीतून वर आली आणि तिचा शेंडा हवेत गोल गोल फिरू लागला, डोळे मिटून कडी चाचपणाऱ्या माणसासारखा. काठी सापडताच तिने विळखा घातला. सकाळी पानं उचलत, संध्याकाळी झुकत. जणू ती श्वास घेत होती. आणि शेजारी खुर्ची. जी कधी हलली नव्हती ती रोज उन्हामागे इंच इंच सरकत होती, आणि तिच्यावरचं पिकलं डोकं वेलीच्याच संथपणाने वळत होतं. ती श्वास रोखून बघत राहिली. बारा दिवस याच खोलीत राहून तिला यातलं काही दिसलं नव्हतं.

मग दर दिवसाच्या शेवटी एक झटका दिसला. काही बिघडलंय असं वाटून तिने तेवढेच फोटो एकेक करून पाहिले. सव्वापाचला सुई थांबलेली, मान दाराकडे. पाच वीसला दाराकडे. पाच पंचवीसला, साडेपाचला, तशीच. दहाव्या फोटोत तिची स्वतःची पाठ, कॅमेऱ्यावर वाकलेली. अकराव्यात वडील पुन्हा सुईकडे.

प्रत्येक दिवशी हेच. फक्त सहाव्या दिवशी, रविवारी, ती घरी होती. त्या दिवशी त्यांनी दाराकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

पाऊण तास वाट, पडद्यावर अर्धा सेकंदही नाही. आणि घरात शिरताना ती कधी तोंडातून शब्द काढत नसे. बॅटरी किती उरलीय ते आधी बघे.

बाईंसाठी तिने वेलीपुरती प्रत कापून पाठवली. मग पूर्ण चित्रफीत उघडली, बाराव्या संध्याकाळच्या, ती आत येण्याआधीच्या नवव्या फोटोवर थांबवली. सुई हवेत, मान वळलेली.

"आले मी, बाबा," ती म्हणाली.