पंखाखालची लाल रेघ

बोलतोय मी, मीच. निलंग्याच्या एसटी स्टँडाजवळ चौथऱ्यावर नाक वर करून उभा आहे ना, तोच जुना जेट. माझ्या सावलीत बसून तुम्ही शेंगा खाता आणि टरफलं माझ्याच चाकाशी टाकता. टाका बापडे, मी रागावत नाही. पण एकदा माझं ऐकून घ्या.

फौजेच्या हवाई कसरतींच्या पथकात आम्ही नऊ जण होतो. पंखाला पंख लावून उलटेपालटे व्हायचो, मागं रंगीत धूर सोडायचो. खाली हजारो माणसं मान दुखेस्तोवर वर बघायची. त्या कौतुकानं मी लई शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

चाळिशी उलटली तरी आम्ही उडतच होतो. नवीन विमानं येणार येणार म्हणत वर्षं गेली. तोवर आम्हाला दरसाल नवा रंग मिळायचा. रंगानं वय झाकतं, हाडं थोडीच बदलतात!

मग एका प्रदर्शनात माझ्या शेजारच्या सोबत्याचा पंख गिरकी घेताना तुटला. आत शिवकुमार होता, सदा हसरा वैमानिक. त्याला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. चौकशीत दोष त्या एका विमानाचाच ठरला आणि आम्ही पुन्हा उडायला लागलो.

माझी देखभाल अंगदकडं होती. तो इथलाच, निलंग्याचा, शेतकऱ्याघरचा माणूस. रोज सकाळी माझ्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय उड्डाणाच्या कागदावर सही करायचा नाही. माझी वैमानिक साक्षी त्याला काका म्हणायची. त्याची सही दिसली की बिनघोर चढायची.

माझ्या उजव्या पंखाच्या मुळाशी कधीपासून कळ येत होती. सांगणार कसं? आणि खरं सांगू, तोंड असतं तरी सांगितलं नसतं. उडणं सुटलं असतं ना!

खंडेनवमीला हत्यारांबरोबर आमचीही पूजा व्हायची. कुंकू फक्त चाकाला लावायचं, असा सक्त हुकूम होता. पण पोळ्याला तेल-हळदीनं बैलांचे खांदे मळण्यात अंगदचं बालपण गेलेलं. भार खांदाच ओढतो, मग तो कोरडा कसा ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. त्यानं तेलात कालवलेलं कुंकू गुपचूप माझ्या पंखांच्या मुळाशी चोळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून तो पुसायला बसला. सगळं निघालं, पण उजवीकडं केसाएवढी एक लाल रेघ राहिली. साबण झाला, रॉकेल झालं, ती हलेना. अंगदनं ओळखलं, हा तडा आहे. रेघ दाखवायची तर हुकूम मोडल्याचं कबूल करावं लागणार होतं. लपवायची तर परवाच्या प्रदर्शनात माझ्यात साक्षी बसणार होती.

तो उठला आणि थेट पथकाचे प्रमुख दयानंद साहेब यांच्याकडं गेला.

"कुंकू म्या लावलं सायेब, काय शिक्षा द्यायची ती द्या. पण ते तड्यात उतरलंय. म्या सही न्हाई करायचो."

साहेबांनी आधी त्याला फैलावर घेतलं. रंगाचा ओरखडा असेल, म्हणाले. मग स्वतः शिडीवर चढून आपल्या रुमालानं रेघ पुसू लागले. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"शिवकुमारच्या विमानाचंही असंच झालं असणार," एवढंच ते बोलले.

त्याच दिवशी सगळ्यांचे पंख उघडून बघितले. आणखी तिघांना तोच तडा निघाला. प्रदर्शन रद्द झालं आणि उरलेले आम्ही आठही जण कायमचे जमिनीवर आलो. अंगदवर मी कितीतरी वर्षं रुसून होतो. निवृत्तीनंतर अर्जांवर अर्ज करून त्यानं मला आपल्या गावी आणलं, तरी माझा रुसवा गेला नव्हता.

गेल्या खंडेनवमीला साक्षी आली, कडेवर लेक घेऊन. आता ती नव्या विमानावर असते. अंगदनं शिडी लावून माझा खांदा मळला, पुसला. रेघ होती तिथंच होती. साक्षीनं लेकीचं इवलंसं बोट तिच्यावरून फिरवलं आणि म्हणाली, "काका, ही रेघ दिसली नसती तर ही पण नसती."

अंगदनं पोरीला उचलून घेतलं. माझा रुसवा तिथंच संपला.

आमचं कौतुक जरूर करा, पण थकलो की वेळेवर खाली उतरवा. आम्ही आपणहून सांगणार नाही. आणि दिवाळीआधी मला रंगवायला माणूस येणार आहे म्हणे. नाकापासून शेपटीपर्यंत खुशाल रंगवा बाबांनो, पण पंखाखालची ती रेघ तेवढी राहू द्या.