धाकट्या साडूचा लेझर

कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांचे जोड तपासणं हे थोरल्या साडूचं काम. बावीस वर्षं तो जोडावर जेल फासून प्रोब फिरवत आला होता. कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात सोडायचा, आतून येणारा प्रतिध्वनी पडद्यावर वाचायचा आणि जोड धड आहे की नाही ते सांगायचं. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याच्या मेव्हणीचा नवरा लेझरवाला. या धाकट्या साडूने एकदा सासूबाईंच्या तळहातावर लेझर टाकून, किंचित तापलेल्या रक्तातून उठणारा बारीक आवाज टिपला आणि आतल्या शिरांचं चित्र काढलं. सासूबाईंनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं. त्याच बैठकीतला पंखा थोरल्याने तीनदा दुरुस्त केला होता. त्याचं कुणाला काही नव्हतं.

आता हाच साडू लोखंड तपासायचं यंत्र घेऊन कारखान्यात आला. एका लेझरने पाइपातच आवाज उठवायचा, दुसऱ्याने टिपायचा. जेल नको, हात लावायला नको. साहेब खूश. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चाचणीसाठी पाइप निवडायचं काम त्याच्याकडेच आलं, तेव्हा त्याने मुद्दाम रंगाचे पोपडे सुटलेला, वाकडातिकडा पाइप दाखवला. असल्या पृष्ठभागावर लेझर चाचपडतो, हे त्याने ऐकलं होतं. चाचणीपुरती त्यातली वाफ बंद केली होती.

तसंच झालं. पडद्यावर नुसती भुरभुर. साहेब घड्याळ बघू लागले, साडूला घाम फुटला आणि थोरल्याला गारगार वाटलं. पण त्या भुरभुरीत एका जोडापाशी गडद रेघ होती.

साडूने हळूच विचारलं, "दादा, इथे जरा तुमचा प्रोब लावून बघता का?"

थोरल्याने लावला. प्रतिध्वनी टोकदार उसळला. जोडाच्या मुळाशी तडा होता, आणि गेल्या वर्षी तो जोड त्यानेच पास केला होता.

"काही नाही," तो म्हणाला.

साडूने वादच घातला नाही. दादा म्हणतात म्हणजे नसणारच, माझंच यंत्र चुकलं, असं साहेबांना सांगून तो वायर गुंडाळू लागला. त्याने हुज्जत घातली असती, तर थोरला हट्टाला पेटला असता.

जेवणाच्या सुट्टीत थोरला डबा घेऊन बसला. त्याच पाइपाखाली पॅकिंगच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. तासाभरात पाइपात वाफ सोडणार होते. डबा तसाच ठेवून तो साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "तडा आहे. मी खोटं बोललो."

पाइप कापला. तडा नुसत्या डोळ्यांनाही दिसला, चांगला बोटभर. सहा महिने थोरल्याने कुठल्याही तपासणीवर सही करायची नाही, असं ठरलं. यंत्र घ्यायचंही ठरलं.

निघताना साडूने विचारलं, "खोटं का बोललात, दादा?"

"तुमचा हेवा वाटला."

"आणि आता?"

"आता जास्तच वाटतोय," थोरला म्हणाला.

साडूने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. थोरला मागच्या सीटवर, यंत्राच्या पेटीला खेटून बसला. घरी बायकोला ही बातमी आपणच सांगायची की साडूला सांगू द्यायची, याचा तो वाटभर विचार करत राहिला.