नावेची पापणी

खोपोलीच्या गिरणीतला गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं आपल्या खानसाम्याला विचारलं, "कोंडीराम, घड्याळ घेतोस की नाव?"

"घड्याळ काय, कर्जत टेसनावर भिंतीला टांगलेलं हाय. फुकट बघता येतं," कोंडीराम म्हणाला. "नाव द्या."

अशी ती शिडाची नाव बैलगाडीत उताणी पडून आंबोटवाडीला आली. वाडीला लागून मोठा तलाव, पल्याड बोरिवडे. बोरिवडे हे कोंडीरामच्या बायकोचं, येसूबाईचं माहेर. गाडीरस्त्यानं जायचं तर तलावाला अख्खा वळसा. आता सरळ पाण्यावरून जायचं, असं कोंडीरामनं वाडीला सांगून टाकलं. कोंडीराम एकदा सांगून मोकळा झाला की ती गोष्ट झाल्यातच जमा. करायची तेवढी राहिलेली असायची.

या नावेची एक गंमत होती. तिच्या तळाला मधोमध लांबच लांब फट होती. फटीवर आतून खोक्यासारखी उंच पेटी, आणि त्या पेटीतून एक रुंद फळी खाली पाण्यात सोडायची. ही फळी नसेल तर वारा नावेला पुढं न नेता आडवं ढकलतो. फळीच्या दोन्ही अंगांना जी मोकळी फट राहते, तिच्यावर खालून कापडाच्या दोन पट्ट्या ताणून बसवलेल्या असतात. फळी उतरली की पट्ट्या बाजूला सरतात, आणि तिच्या अंगाला चिकटून मिटतात. साहेब त्यांना 'ग्यासकीट' म्हणायचा. बोरघाटाच्या पायथ्याच्या दगडांवर गाडीनं एवढे गचके दिले होते की ग्यासकिटाच्या चिंध्या झाल्या होत्या. कोंडीरामनं काही ते पाहिलं नव्हतं.

पहिल्याच फेरीला त्यानं येसूबाईला नवं लुगडं नेसवून नावेत बसवलं. वारा भरला, नाव पळायला लागली, आणि पेटीतून पाण्याचं असं कारंजं उडालं की येसूबाईच्या अंबाड्यात मासोळी अडकली. मासोळी लहान होती असं कोंडीराम म्हणायचा. येसूबाई म्हणायची, तिचं कालवण दोन घरांना पुरलं.

येसूबाईचा भाऊ सखा तेव्हा काठावरच उभा होता. तो नावेभोवती फिरला, बोटांनी टकटक करून लाकूड पाहिलं.

"दाजी, गव्हाण झकास होईल हिची. माज्या दोन्ही म्हशी एका वक्ताला खातील."

"सख्या, ही नाव हाय."

"आत पाणी राहतंय म्हंजे गुरांची डोणच की!"

येसूबाईनं लुगडं पिळलं. मग नवऱ्याकडं न बघता भावाला म्हणाली, "भाऊबीजेला मी हिच्यातनंच येईन. लुगड्याला पाणी लागलं तर त्याच दिशी कुऱ्हाड घाल. कोरडी आले तर पुन्यांदा गव्हाणीचं नाव काढायचं नाय."

"पक्कं?" सखानं विचारलं.

"पक्कं," उत्तर कोंडीरामनंच देऊन टाकलं. नाव त्याची, पण बोलून बसली बायको. तरी त्याच्या कपाळावर आठी नाही. "भाऊबीज तर लांब हाय, मी उद्याच आणतो हिला कोरडी."

उद्या काही जमलं नाही. शेजारचा पोशा, बांध राखण्यात ज्याचा हात कोणी धरत नसे, तो भल्या पहाटे आला आणि कोंडीराम उठायच्या आत मदत करून गेला. भातखाचराच्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलं तर काय करतात? चिखल आणि पेंढा ठासतात. पोशानं तेच केलं. नावेची अख्खी फट त्यानं चिखलपेंढ्यानं ठासून, वरून टाच मारून गुळगुळीत केली.

"आता थेंब येईल तर मिशी उतरवीन," तो म्हणाला.

थेंब खरंच आला नाही. पण फळीही उतरली नाही. नाव सुटली ती आडवी, खेकड्यासारखी, आणि कोंडीराम बोरिवड्याला निघालेला तो थेट धोबीघाटाच्या दगडांना जाऊन टेकला.

"पोशा, भोक नाय रं ते!" कोंडीराम खाली उतरून फट कोरता कोरता म्हणाला. "डोळा हाय नावेचा. डोळ्याला बूच मारत्यात काय? पापणी लावत्यात!"

"मग साहेबाच्या शाळेत शिकलास तर लाव ना पापणी."

"लावतोच."

आता कोंडीराम साहेबाकडं स्वयंपाकाला होता. नावेच्या खाली काय असतं ते त्यानं फक्त साहेबाला चहा देताना पाहिलेलं. पण मटणात मीठ किती ते जसं न चाखता कळतं, तसं आपल्याला हेही कळतं, अशी त्याची खात्री. त्यानं आधी सायकलची ट्यूब चिरून बसवली. रबर मऊ. फळी खाली गेली, ती रबराला घेऊन फटीत घुसली, आणि ना वर येईना ना खाली जाईना. ती सोडवायला दोन्ही वाड्यांचे गडी लागले.

"मऊपणा कामाचा नाय," कोंडीराम मान डोलावत म्हणाला, जणू हेच शोधायला त्यानं ट्यूब लावली होती. "कापड पायजे. आणि ताण पायजे."

कापड मिळालं खोपोलीला. घाट चढण्याआधी ट्रक थंड करत बसलेल्या एका ड्रायव्हरनं कोंडीरामच्या हातचा रस्सा खाल्ला आणि डोळे पुसत जुनी ताडपत्री काढून दिली. कोंडीरामनं तिच्या दोन पट्ट्या कापल्या, मेण चोळलं. नाव चिंचेखाली पालथी घातली, फटीच्या कडेचे जुने पितळी चाप उघडले. एका टोकाला पट्ट्या स्क्रूनं घट्ट केल्या. दुसऱ्या टोकाला ताण द्यायचा.

कोंडीरामनं ओढून पाहिलं. पोशानं ओढून पाहिलं. दोघांनी मिळून ओढलं. बोटानं दाबलं की पट्टी लोंबतेच.

"तुजा मोऱ्या आण," कोंडीराम म्हणाला.

मोऱ्या हा पोशाचा बैल, पोशीरहून आणलेला. तो एकदा उभ्या झाडाला बांधला असताना झाडासकट घरी आला होता, हे आंबोटवाडीत सगळ्यांना माहीत आहे. नाव चिंचेला बांधली, पट्ट्यांची टोकं मोऱ्याच्या जुवाला. मोऱ्यानं मान खाली घातली. ताडपत्री कण्हली, चिंच वाकली, तिच्यावरच्या चिंचा आपोआप खाली आल्या.

"बास! बास रं! स्क्रू मारतो!"

कोंडीरामनं चाप बसवून एकापुढं एक स्क्रू आवळले. मग पट्ट्यांची मोकळी टोकं कापली. एवढ्यात वरून एक कावळा पट्टीवर उतरला. टण्ण! असा खणखणीत टोला पडला की पलीकडच्या शाळेतली पोरं दप्तरं उचलून घरी निघाली. मास्तरही निघाले. ते वेशीपर्यंत पोचल्यावर त्यांना घड्याळ बघायचं सुचलं.

येसूबाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच बघायला आली. कोंडीरामनं फळी फटीतून ढकलली, पट्ट्या दोन्हीकडं सरल्या आणि फळीला बिलगल्या. फळी काढली, पट्ट्या मिटल्या. तिनं स्वतः एकदा फळी घालून काढून पाहिली.

"माज्या भावजयीचं तोंड असं मिटलं असतं तर," ती म्हणाली, आणि गेली. कोंडीरामनं त्याला शाबासकी धरलं.

भाऊबीजेला वारा खंडाळ्याच्या अंगानं उतरला. पोशा आदल्या सांजेलाच गाडी घेऊन वळशानं बोरिवड्याला गेला होता. निवाडा करायला पंच नको का? पल्याड काठावर सखा कुऱ्हाड घेऊन बसलेला होता. गव्हाणीची जागाही त्यानं गोठ्यात मोकळी करून ठेवली होती.

येसूबाई त्याच्याच गेल्या वर्षीच्या ओवाळणीचं लुगडं नेसून नावेत चढली. बसताच तिनं पदराच्या गाठीतून तांदळाच्या पिठाची चिमूट काढली आणि पेटीच्या तोंडावर भुरभुरली. "पीठ खोटं बोलत नाय," ती म्हणाली.

"माणूस तरी कुठं बोलतो," कोंडीरामनं शीड ओढलं.

नाव निघाली ती सुटलीच. खालून पट्ट्या गुणगुणायला लागल्या, त्या सुरात काठावरच्या म्हशींनी माना वर केल्या. सोबत उडणारा बगळा दमून मागं राहिला. नावेची सावली तर एवढी मागं पडली की ती बोरिवड्याला पोचली तेव्हा दुपारची जेवणं झाली होती. पेटीवरचं पीठ मात्र जिथल्या तिथं, जसं परातीत.

येसूबाई आधी पिठाकडं बघत होती. मग पाण्याकडं बघायला लागली. मग तिनं डोक्यावरचा पदर सोडला.

"अवो, यापेक्षा जोरात जाती का?"

"जाती की! पण कलंडंल. वरच्या काठावर बसून भाईर झुकायला लागंल."

त्याचं बोलणं संपायच्या आत ती काठावर बसून बाहेर झुकलीही होती. वारा अंगावर घेऊन ती अशी ओरडली की कोंडीरामनं लग्नापासून तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. नाव सरळ झाली, पाण्याला कापत निघाली. आणि तेव्हा कोंडीरामची नजर मागं गेली.

पदर. हातभर पदर पाण्यात पडून नावेमागं शेपटासारखा ओढत येत होता.

फटीतून थेंब आला नव्हता, पण शब्द 'लुगड्याला पाणी' असा दिलेला. पाणी कुठून, ते कोणी बोललं नव्हतं. येसूबाईनंही मागं पाहिलं. तिनं पदर वर ओढला, तो जड आणि चिंब. समोर सखा उठून उभा राहिला होता, कुऱ्हाड खांद्यावर.

"येसू," कोंडीराम हळूच म्हणाला, "लाकूड चांगलं हाय. म्हशी दुवा देतील."

"गप बसा."

काठ जवळ आला. नाव अजून टेकायची होती, तेवढ्यात येसूबाई उभी राहिली, आणि सगळ्यांच्या देखत कमरेएवढ्या पाण्यात धप्पदिशी उडी मारली. छातीपर्यंत भिजून, हातानं पाणी सारत ती सखासमोर येऊन उभी राहिली.

"आका! अगं तू तर चिंब झालीस!"

"मग? आता तुज्यासमोरच पाण्यात उतरले न्हव का? पाणी ओलं असतं सख्या. लानपणी शिकवलं नाय व्हय तुला?"

"पण नावेत..."

"नावेत जाऊन पेटीवर बोट फिरव. पीठ हाय त्याच्यावर. त्याला इचार."

पोशा गुडघाभर पाण्यात गेला. त्यानं पेटीवर बोट फिरवलं, बोट चाटलं आणि पंचाच्या आवाजात म्हणाला, "कोरडं. लुगडं भिजलं ते नावेच्या भाईर."

यातला शब्दन् शब्द खरा होता. कोंडीराम शिडाची दोरी गुंडाळत होता. ती एवढं मन लावून गुंडाळायला त्याला जन्मात कधी लागली नव्हती.

सखानं कुऱ्हाड खाली ठेवली. येसूबाईच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

"ओवाळणीचं लुगडं आणलंयस ना?" ती म्हणाली. "आधी ते दे. नेसते, मग ओवाळते."

सखा घरात गेला. येसूबाई नवऱ्याकडं वळली. कोंडीराम काहीतरी मोठं बोलायच्या बेतात होता, पण तिनं बोलू दिलं नाही.

"जाताना सुकाणू माज्याकडं," ती म्हणाली. "आणि सरळ जायचं नाय हां. लांबच्या अंगानं जायाचं."