सुयांच्या श्राद्धाचा शेवट

या, जरा शेगडीजवळ सरकून बसा. जपानातल्या नोतोच्या किनाऱ्यावरची एक गोष्ट सांगतो. मात्र अर्ध्यावर उठू नका.

तिथे हिवाळ्यात सुयांचं श्राद्ध असतं. शिवता शिवता मोडलेल्या सुया बायका देवळात आणतात, मऊ टोफूच्या वडीत टोचतात, "आता विसावा घ्या गं" म्हणतात. तिथल्या तोकुए नावाच्या शिंपिणीच्या भावानं, इसाबुरोनं, यावर एक बोचरी गोष्ट लिहिली होती. अख्खा गाव मोडक्या सुयांसाठी धाय मोकलून रडतो, आणि त्या सुयांनी गावाला कपडे शिवून देणारी शिंपीण तापानं फणफणलेली, घरात एकटी. शेवटी ती दाराकडे कान लावून बसते. गोष्ट तिथेच संपते.

"मला असं बसवून ठेवलंस होय रे?" तोकुएनं विचारलं होतं. ती शिंपीण म्हणजे तीच.

"वाचणाऱ्यानं उठून तुझं दार वाजवावं म्हणून," इसाबुरो म्हणाला होता.

पुढे इसाबुरो गेला. गोष्ट मात्र गावोगाव फिरली. चित्रं दाखवत गोष्टी सांगणाऱ्यानं सुयांना नाचायला लावलं. मग सिनेमा निघाला. त्यात शिंपिणीचं ओसाकाच्या व्यापाऱ्याशी लग्नच लावून दिलं! गावाला तोच शेवट गोड वाटला. दुकानांत तयार कपडे आले, तसं तोकुएकडे कुणाचं पाऊलही वळेना.

तिची एकच इच्छा उरली होती. भावानं लिहिलेला शेवट एकदा भर देवळात ऐकू यावा. यंदा श्राद्धाला एन्शो महाराज प्रवचनात हीच गोष्ट गाऊन सांगणार होते. प्रवचनाआधी ती काठी टेकत त्यांच्यापुढे जाऊन बसली.

"महाराज, यंदा लग्न नको. तिला बसलेलीच ठेवा."

"लोक हसायला येतात, आजी."

"मग हसून झाल्यावर बसवा."

आणि महाराजांनी बसवली. काय गळा तो! सूर चढला, थरथरला, बंद दारापाशी येऊन थबकला. ऐकता ऐकता लोकांच्या ओठी बुद्धाचं नाव आलं, देऊळभर कुजबुजत राहिलं. तोकुएचे डोळे वाहू लागले.

"अहो महाराज, विसरलात!" मागून मासळीवाली मित्सुयो ओरडली. "तिचं लग्न झालंय की, ओसाकाला!"

"वरातीचं जेवण एकट्यानंच हाणलंत, म्हणून लग्न लपवताय वाटतं!" कुणीतरी पुस्ती जोडली. हशा पिकला.

तोकुए उठून उभी राहिली. "नाही झालं लग्न. ती मीच. इथेच असते, मिठाच्या गोदामामागे."

सगळे वळून पाहू लागले. मग टाळ्यांचा कडकडाट.

"वा, आजी! महाराजांनी यंदा सोंगसुद्धा आणलंय!" मित्सुयोनं कौतुकानं तिच्या हातात एक संत्रं ठेवलं.

महाराज तेवढे हसले नाहीत. पण त्यांना पुढच्या गावी न्यायला गाडी येऊन उभी होती. त्यांनी तोकुएला हात जोडले, आणि निघून गेले.

तोकुए घरी आली. बाहेर बर्फ पडत होतं. तिनं शेगडी पेटवली, चहाचं आधण ठेवलं, पेले दोन मांडले. संत्रं सोललं नाही, कुणी आलं तर अर्धं द्यायला होईल. मग ती दाराकडे कान लावून बसली.

बाबांनो, सुईत दोरा ओवाल तेव्हा मिठाच्या गोदामामागच्या तोकुएची आठवण असू द्या.