या हं परत

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या सर्कलपासून जरा आत गेलं की एका बँकेच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, 'सागरसाथी मरीन' नावाचं ऑफिस आहे. जिल्ह्यातल्या पोरांना जहाजांवर नोकरीला पाठवायचा त्यांचा धंदा. दारात काचेच्या पेटीत एक छोटं जहाज ठेवलंय, त्याच्या शिडावर कोळिष्टकं लागलीत, आणि त्या पेटीशेजारी काउंटरमागे नम्रता बसते.

नम्रता तिथली रिसेप्शनिस्ट. तिच्या मते रिसेप्शनिस्ट म्हणजे खोटं बोलायचा पगार घेणारी बाई. त्यातही प्रकार होते. सकाळी कोणी आलं तर साहेब बँकेत. दुपारी आलं तर साहेब मुंबईला. चार वाजता आलं तर, "अय्या, आत्ताच निघाले! तुम्हाला जिन्यात भेटले नाहीत?" आणि साहेब, म्हणजे हर्षद सर, हे सगळं होत असताना प्लायवूडच्या भिंतीपलीकडे बसून मोबाईलवर रिसेप्शनचा कॅमेरा बघत असायचे.

अडचण एकच होती. माशांच्या वासाची माणसं येतात म्हणून सरांनी लव्हेंडरचा फवारा आणून ठेवला होता, आणि त्या फवाऱ्याने सरांनाच शिंका यायच्या. एकदा मिरकरवाड्याचे केरूशेठ भाच्याची चौकशी करायला आले असताना नम्रता त्यांना सर मुंबईला गेल्याचं सांगत होती, आणि आतून धडाक्यात शिंक आली.

"आत कोण हाय?" केरूशेठ म्हणाले.

"कोणी नाही. एसी बिघडलाय."

केरूशेठांनी शांतपणे मान डोलावली. "औषध द्या त्याला," म्हणाले आणि निघून गेले.

सरांचा एक नियम मात्र मोडायचा नव्हता. आलेला माणूस रागावलेला असो, रडवेला असो, जाताना त्याला हसून 'या हं परत' म्हणायचं. इतक्या वर्षांत ते नम्रताच्या जिभेवर असं बसलं होतं की कुरियरवाल्याला म्हणायची, फोन तोडायला आलेल्या माणसाला म्हणायची, आणि जिन्यातल्या मांजरीला हाकलतानाही म्हणायची.

हा खेळ घरी अंगाशी आला. मागच्या वर्षी तिचे सासरे, लवूतात्या, गेले. माणसं भेटायला येत होती. आता मयताच्या घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही आणि घरचेही 'या' म्हणत नाहीत, हे बारक्या पोरालाही सांगावं लागत नाही. मुकाट्याने उठायचं, चपला पायात घालायच्या, चालू लागायचं. पहिली मंडळी अशीच उठली. नम्रता दारात उभी होती, रडून डोळे सुजले होते. तिने हात जोडले आणि तिच्या घशातून ऑफिसातला तो साखरेत घोळलेला आवाज आपसूक बाहेर पडला. "या हं परत!"

अंगणात चपला घालणारे पाय थबकले. मग आतून तिची सासू गोदा कडाडली, "काय गो, आणखी कोणाक पोचवायचा हाय काय? माजाच नंबर लाव, म्हंजे सुटलीस!" बायकांनी पदर तोंडात कोंबले. त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळायला मार्ग नव्हता. पुढे कितीतरी दिवस आळीत कोणी नम्रताकडून उठून निघालं की मुद्दाम दारात थांबून विचारायचं, "परत येऊ ना गो?"

नम्रतासुद्धा हसायची. दुसरं काय करणार?

तर या ऑफिसात आठवड्यातून एकदा, मंगळवारी, आनंदीबाई यायच्या. जयगडच्या वाटेवरच्या गावातून एसटीने यायच्या, बाजारात सुकट आणि आमसुलं विकायच्या, आणि परतीच्या गाडीआधी सागरसाथीचा जिना चढायच्या. सुकटीची पाटी त्या दाराबाहेर ठेवायच्या, कारण पहिल्या खेपेला सरांनी फवारा थेट पाटीवरच मारला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा समर्थ याच ऑफिसातून जहाजावर गेला होता.

समर्थ नम्रताच्या चांगला लक्षात होता. आयटीआय झालेला, हाताला चैन नसलेला मुलगा. कागदपत्रांसाठी ताटकळत बसला होता तेव्हा उठून त्याने स्वतःच्या खालची डुगडुगणारी खुर्ची उलटी केली, खिशातल्या नाण्याने तिचे स्क्रू पिळले आणि म्हणाला, "ताई, आता बघा. जाडा माणूस बसला तरी हलायची नाय." ती खुर्ची त्यानंतर खरंच कधी हलली नाही. आनंदीबाई आल्या की त्याच खुर्चीत बसायच्या, इतर सगळ्या रिकाम्या असल्या तरी.

दर खेपेचं बोलणं ठरलेलं. सायेब हायत? नाहीत मावशी. समर्थाचा काय कळला? जहाज लांब आहे मावशी, नेटवर्क नाही. हे मात्र खोटं नव्हतं. आफ्रिकेच्या बाजूला त्याचं जहाज होतं, आणि महिना-महिना फोन लागत नसे. मग आनंदीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या, म्हणायच्या, "येतंय हां बाय." नम्रता म्हणायची, "या हं परत."

एकदा नम्रता फोनवर अडकली होती. आनंदीबाई 'येतंय' म्हणाल्या आणि उंबऱ्यात उभ्याच राहिल्या. फोन संपला तरी तिथेच.

"काय झालं मावशी? गाडी जाईल ना तुमची."

"तू 'या' म्हनल्याशिवाय कशी जाऊ? तुज्या तोंडून आयकला की वाटता, फुडच्या खेपेला काय तरी कळंल."

त्या दिवसापासून नम्रता ते दोन शब्द आनंदीबाईंपुरते मनापासून म्हणायला लागली. दिवसभरात तेवढेच.

मग तो मंगळवार उजाडला. नम्रता काउंटर पुसत होती आणि फोन वाजला. दुबईहून जहाज कंपनीचा माणूस बोलत होता. इंग्रजीत, अगदी सावकाश, हवामानाची बातमी द्यावी तशा आवाजात. वादळात समर्थ डेकवरून समुद्रात पडला. शोध घेतला, मिळाला नाही. आता शोध थांबवलाय. हर्षदना सांगा, आणि घरच्यांनाही कळवा.

"थँक यू फॉर कॉलिंग सागरसाथी," नम्रता म्हणाली. "हॅव अ नाइस डे."

फोन ठेवल्यावर आपण काय म्हणालो ते तिला ऐकू आलं. ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि स्वतःच्या तोंडावर हात दाबून उभी राहिली. आपलं तोंड कोणीतरी फोडावं असं तिला वाटत होतं.

हर्षद सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, हे खरं. ग्लासभर पाणी प्यायले. खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वळून म्हणाले, "हे कोणाला बोलू नकोस."

"त्याच्या आईला..."

"शनिवारी नवीन पोरं निघतायत. त्यांचे आईबाप आज सह्या करायला येणार. हे बाहेर फुटलं तर एकही पोरगा जाणार नाही, वर्षभराची मेहनत पाण्यात. शनिवार जाऊ दे. रविवारी मी स्वतः गाडी घेऊन जातो त्यांच्या घरी, नीट सांगतो."

"पण आज मंगळवार आहे, सर. त्या आजच येतील."

"मग नेहमीसारखं बोल. नेटवर्क नाही. त्यात काय? आणि हसत बोल. मी बघतोय कॅमेऱ्यात." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "दर्शनला अजून नोकरी लागली नाही ना? विचार कर."

दर्शन म्हणजे तिचा नवरा. मुंबईची कंपनी बंद पडल्यापासून घरीच होता. सरांनी ते चौकशी केल्यासारखं विचारलं, पण नम्रताला समजायचं ते समजलं. ती काउंटरवर येऊन बसली. आज त्यांची एसटी बिघडावी, असं तिने सगळ्या देवांना विनवलं.

एसटी वेळेवर आली. दुपारी रिसेप्शन भरलेलं असताना आनंदीबाई जिना चढून आल्या. पाटी बाहेर ठेवली, पदराने तोंड पुसलं. समर्थच्या खुर्चीत ऋत्विक नावाचा एक उंच पोरगा बसला होता, शनिवारी निघणारा, शेजारी त्याचे आईवडील. पोरगं शहाणं, चटकन उठलं. "बसा आजी."

"बस रे, बस," म्हणत आनंदीबाई बसल्याच. "ही खुर्ची माज्या समर्थानं ठीक केली हाय. तो पण जहाजावर हाय."

ऋत्विकची आई लगेच पुढे सरकली. सकाळपासून कोणाला तरी विचारायचं होतं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. "कसं असतं हो तिकडे? खायला नीट देतात? माझा जीव नुसता वरखाली होतोय. नको पाठवायला, असं वाटतं."

"देतात तर! फोटूत बघितला मी, गालपाडा भरलीत त्येची. सायेब चांगला मानूस हाय. आनि ही बाय तर सोन्याची." आनंदीबाईंनी काउंटरकडे हात केला. "घाबरू नको. पाठव तू."

ऋत्विकच्या आईने एवढा मोठा श्वास सोडला की नम्रताला तो ऐकू गेला. दुसऱ्याही दोन आया ऐकत होत्या, त्यांनीही मान हलवली. नम्रता भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. गाल दुखत होते.

"काय गो, सायेब हायत?"

"नाहीत मावशी. मुंबईला."

"समर्थाचा काय कळला?"

"जहाज लांब आहे." नम्रताने पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. "नेटवर्क नाही."

आवाज ठीक आला. इतक्या वर्षांची सवय कुठे जाते? आनंदीबाईंनीही नेहमीसारखी मान हलवली. पिशवीतून केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. "सांदनं हायत. समर्थाला आवडतात म्हनून केली, आनि मग आठवला, तो खंय हाय खायाला! तू खा." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "येतंय हां बाय."

नम्रताने तोंड उघडलं. हसू जागेवर होतं, ओठांचा आकारही बरोबर जमला होता. पण शब्द आला नाही. मांजरीलासुद्धा म्हणणारी ती, सासऱ्यांच्या मयतात नकळत बोलून बसलेली ती, आणि आता मुद्दाम म्हणायला गेली तर जीभ उचलेना. ज्या आईचा मुलगा गेलाय तिला 'या परत' कसं म्हणायचं? खोटं बोलायचा पगार होता, पण हे त्या पगारात नव्हतं.

आनंदीबाई उंबऱ्यात थांबल्या. वाट बघत राहिल्या. मग वळल्या.

"बाय, 'या' नाय म्हनालीस आज."

नम्रताच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तिने ते पुसलंही नाही.

आनंदीबाई दोन पावलं मागे आल्या आणि काउंटरची कड धरली. बराच वेळ त्या नम्रताच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "समर्थ?"

"वादळात समुद्रात पडला, मावशी." नम्रताचा स्वतःचा आवाज तिला कितीतरी दिवसांनी ऐकू आला. जाडाभरडा होता. "खूप शोधला. नाही सापडला. आज सकाळी फोन आला मला. मी आत्ता तुमच्याशी खोटं बोलले."

इंटरकॉम वाजायला लागला. नम्रताने तो उचलला नाही.

आनंदीबाई रडल्या नाहीत. बोटांनी काउंटरची कड चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडं पानी थंड असता काय गो?"

"मला माहीत नाही, मावशी."

"त्येला थंडी सोसत नाय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शिंक आली. रिसेप्शनमधल्या एकूण एक माणसाने त्या प्लायवूडकडे बघितलं. कोणी हसलं नाही.

आनंदीबाई वळल्या आणि दाराबाहेर पडल्या. 'येतंय' म्हणाल्या नाहीत. पाटी तिथेच राहिली. मग ऋत्विकचे वडील उठले. त्यांनी समोरच्या टेबलावरचा पोराच्या कागदपत्रांचा लिफाफा उचलून काखेत मारला. ऋत्विकची आई उठली, तिने पोराचं मनगट धरलं. त्यांच्यामागून बाकीचे उठले. एकानेही नम्रताकडे बघून मान हलवली नाही, 'बरंय' नाही, 'निघतो' नाही. मुकाट्याने बाहेर गेले, दाराशी काढलेल्या चपला पायात घातल्या आणि जिना उतरले, मयताच्या घरातून निघतात तसे.

हर्षद सर धावत बाहेर आले. रिकाम्या खुर्च्या बघून म्हणाले, "कुठे गेले सगळे? येतो म्हणाले ना परत?"

"नाही," नम्रता म्हणाली. "कोणी म्हणालं नाही."

तिने पर्स खांद्याला लावली, सांदणांची पुडी उचलली, दाराबाहेरची सुकटीची पाटी कमरेवर घेतली. आनंदीबाईंना घरापर्यंत कोणीतरी सोबत हवं होतं. सर मागून ओरडत होते, रागाने, मग विनवणीने, मग पुन्हा रागाने. रोज संध्याकाळी निघताना ती त्यांना 'येते हं सर' म्हणत असे. आज न बोलता जिना उतरली.