वेळेवर आलेल्या गाडीची भरपाई

आमच्या गावची गाडी वेळेवर कधी यायचीच नाही. किती उशीर म्हणाल, तर माझ्या आतेबहिणीची वरात त्या गाडीने निघाली आणि उतरेपर्यंत बारशाची तयारी सुरू झाली होती. हसू नका, त्या पोराचं नाव फलाटावरच ठेवलंय. म्हणून गाडीची वेळ झाली की आमच्याकडे कोणी घाई करायचं नाही. मक्याची मामालिगा चुलीवर चढवायची, दुधाशी पोटभर खायची, भांडी घासायची आणि मग सावकाश निघायचं.

मग नवा नियम आला. गाडीला फार उशीर झाला तर तिकिटाचे थोडे पैसे परत. झालं, सगळं गाव खिडकीशी. एकाने तर टोपलीतल्या कोंबड्याचीही भरपाई मागितली, त्याचाही वेळ गेला म्हणे. माझी शेजारीण झाम्फिरा हिने त्या पैशांतून पिल्लं घेतली. वरच्या साहेबांना घाम फुटला, त्यांनी रूळ नीट करून घेतले. आता या शनिवारपासून गाडी वेळेवर येणार, असं स्टेशनमास्तर सांडूंनी चर्चच्या दारात सगळ्यांना सांगितलं.

झाम्फिरा म्हणाली, "मास्तर, साफ्ताची गादी आता तुम्ही चालवणार वाटतं."

साफ्ता म्हणजे मी, गावची थापाडी. सगळे हसले.

त्याच शनिवारी झाम्फिराला बुझाऊला जायचं होतं. तिची बहीण अग्लाया तिथे राहायची. आईचा तांब्याचा हंडा कोणाकडे राहायचा यावरून दोघींचा अबोला होता, आणि तोही माझ्या गुडघेदुखीपेक्षा जुना. अग्लाया घर विकून मुलाकडे स्पेनला चालली होती, कायमची. तिची बस दुपारी, स्टेशनासमोरूनच सुटणार होती. तिने कोणाकडून तरी निरोप धाडला होता, येऊन भेट म्हणून. झाम्फिराने हंडा राखेने घासून घासून असा लख्ख केला की त्यात तोंड बघून मी केस नीट केले.

आम्ही जेवत होतो तेवढ्यात शिट्टी वाजली. झाम्फिरा म्हणाली, मालगाडी असेल. तरी म्हटलं, बघून तर येऊ, हंडा दोघींनी धरला आणि पळालो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर शेवटचा डबा पुलावरून जाताना दिसला. दुसरी गाडी संध्याकाळी. आणि अग्लायाचा नंबर कोणाकडे? अबोला धरलेल्या माणसाचा नंबर कोण ठेवतं?

झाम्फिरा सरळ खिडकीशी गेली. "मास्तर, भरपाई द्या."

"अहो बाई, गाडी वेळेवर आली की."

"तेच तर. उशिरा आली की देता ना? मग वेळेवर आली त्याची कोण देणार?"

मास्तर चांगला माणूस. आत बोलावून तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही.

पुढे भाच्याकडून नंबर मिळाला तेव्हा तिने माझ्याच घरून स्पेनला फोन लावला. तिकडचं ऐकू यावं म्हणून मी कान चिकटवून बसले. अग्लाया म्हणाली, ड्रायव्हरच्या हातापाया पडून तिने बस थांबवली होती. आमची गाडी जन्मजात उशिराची, माझी बहीण येईलच, असं सांगून. पुलापलीकडे कुठेतरी रखडून गाडी तिकडे उशिराच पोचली, मग स्टेशनातून गावची माणसं बाहेर आली. तिने एकेकाचं तोंड बघितलं. सगळी संपल्यावर ड्रायव्हरला म्हणाली, चला.

झाम्फिराने सगळं सांगितलं, शिट्टी, पूल, हंडा.

"आपली गाडी, वेळेवर? झाम्फिरे, यायचं नव्हतं तर तसं कळवायचंस. खोटंच बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोल."

मी फोन ओढून घेतला. म्हटलं, अगं खरं आहे, माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ, मी होते तिथे.

अग्लाया हसली. चांगलं नाही हसली. "साफ्ताताई, आता तुम्हीच साक्षीला आलात म्हटल्यावर झालंच."

आणि फोन ठेवून दिला. जन्मभर मी एवढ्या थापा मारल्या, सगळ्या लोकांनी आवडीने ऐकल्या. ही एकच खरी होती.

झाम्फिराने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा लावला. वाजत राहिला.